कूलरला दोन उन्हाळे कळले पाहिजेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या आणखी काही अभ्यासिका आणि सभागृहांवर उन्हावर चालणारी थंडाव्याची यंत्रं बसवण्याचा विचार सुरू असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झाला. बातमीत यंत्राची किंमत होती, छतावरच्या नळ्यांची संख्या होती, उद्घाटन कधी हेही होतं. पण ते यंत्र कोण चालवणार आणि कोणत्या हिशेबाने, याची एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं वीजनिर्मिती केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, वाफेचं तापमान, बॉयलरचा दाब ज्या लूपवर, म्हणजे मोजायचं, फरक बघायचा आणि झडप कमी-जास्त करायची या चक्रावर, सांभाळला जातो ते लूप ट्यून करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर यावल तालुक्यात गावी आलो. आमच्या गावच्या अभ्यासिकेवर असंच एक यंत्र आहे. पोलीस भरती, एमपीएससी, रेल्वे अशा परीक्षांची साठेक मुलंमुली तिथे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसतात. गेली तीन वर्षं मी त्या यंत्राच्या मागे आहे. रोजच्या नोंदींची वही ठेवली आहे. पुढे लिहितोय ते त्या वहीवरून.

आधी यंत्र काय आहे ते सांगतो, कारण गावात त्याला सगळे नुसतं 'सोलर कूलर' म्हणतात. आपल्या साध्या कूलरमध्ये कोरडी हवा ओल्या गवतातून जाते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, हवा थंड होते. एक लीटर पाण्याची वाफ होताना वीजबिलातल्या एका युनिटच्या दोन तृतीयांश इतकी उष्णता खेचली जाते. पण हवा आधीच दमट असेल तर पाण्याची वाफ होणार कशी? म्हणून या यंत्रात हवा आधी कोरडी करतात. औषधाच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी असते ना, त्याच सिलिका जेलचं, मधमाशांच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं मोठं चाक असतं. ते तासाला दहा-पंधरा फेरे इतक्या संथ फिरतं. चाकाच्या एका अर्ध्यातून बाहेरची हवा आत येते आणि तिच्यातला ओलावा चाक शोषून घेतं. दुसऱ्या अर्ध्यातून छतावरच्या सौर नळ्यांत तापलेल्या पाण्याने गरम केलेली हवा जाते आणि चाक पुन्हा वाळवते. ओलावा शोषताना हवा तापते, म्हणून पुढे ॲल्युमिनियमचं दुसरं, जोरात फिरणारं चाक लागतं. खोलीतून बाहेर जाणारी हवा ओल्या पॅडवरून थंड करून या दुसऱ्या चाकातून नेतात आणि तिचा थंडावा आत येणाऱ्या हवेला मिळतो. शेवटी आत येणाऱ्या हवेच्या वाटेत आणखी एक ओला पॅड. म्हणजे दोन चाकं, दोन पॅड, दोन पंखे, छतावर नळ्या आणि गरम पाण्याची एक हजार लीटरची टाकी.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत पेनिंग्टन यांनी १९५५ मध्ये हिचं पेटंट घेतलं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या व्यापार मंडळाच्या इमारतीत २००१ मध्ये असं यंत्र बसलं, तेही पाण्याची टाकी आणि पूरक हीटर यांच्याशिवाय, नुसत्या उन्हाने तापवलेल्या हवेवर चालणारं. तेव्हा यंत्रात खोट नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमच्याकडे खोट होती ती चालवण्याच्या क्रमात.

पहिल्या उन्हाळ्यात मुलांची तक्रार अशी, की तासभर गारठतो आणि पुढचा तासभर घामाने वह्या ओल्या होतात. मी गेलो, भिंतीवरचा थर्मोस्टॅट पाहिला आणि लगेच कळलं. २६ अंशांवर सगळं एकदम चालू, २४ वर सगळं एकदम बंद. दोन्ही चाकं, दोन्ही पॅड, दोन्ही पंखे. आमच्या धंद्यात याला हंटिंग म्हणतात. लूप स्थिर होत नाही, इकडून तिकडे झोके घेत राहतो. साध्या एसीत हे खपून जातं, कारण कॉम्प्रेसर थांबला की थंडावाही लगेच थांबतो. इथे तसं नसतं. पाण्याचा पंप बंद केला तरी ओला पॅड पुढे बराच वेळ वाफ देत राहतो, आणि थंड पडलेलं सिलिका जेलचं चाक पुन्हा गरम होऊन कामाला लागायला वेळ घेतं. ज्याचा परिणाम उशिरा दिसतो त्याला चालू-बंदच्या चाबकाने हाकता येत नाही. शिवाय पंखाच बंद झाला म्हणजे ताजी हवाही बंद. बंद खोलीत साठ मुलं. त्यातला प्रत्येक जण श्वासाने आणि घामाने तासाला ढोबळ ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. साठ जणांचं झालं तीन लीटर.

दुसरी चूक मला त्याहून मोठी वाटते. खान्देशात उन्हाळे दोन आहेत, हे त्या यंत्राला कोणी सांगितलंच नव्हतं. एक कोरडा, होळी झाली की सुरू होऊन रोहिणी नक्षत्रापर्यंतचा. अखाजीला झोके बांधतात तेव्हा दुपारी अंगावरची ओली चादर पाहता पाहता वाळते. दुसरा ओला, मृगापासून पुढे पावसाने ताण दिला की येणारा आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये डोकं वर काढणारा. पारा ३३ वर, पण कानबाईच्या रविवारी रोट खाऊन उठलेला माणूस घामाने निथळतो. त्या दिवसांत घरोघरचे कूलर आपण बंद करतो, ते का, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. लाखो रुपयांच्या यंत्राला माहीत नव्हतं.

आकड्यांत सांगतो. मे महिन्यात दुपारी बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की एक किलो हवेत फक्त आठ-साडेआठ ग्रॅम पाणी असतं. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर तेव्हा २२-२३ दाखवतो आणि घरचा चांगला कूलर २७ अंशांची हवा देतो. जुलैत उघडीप असताना ३३ अंश आणि ६० टक्के असलं की त्याच एक किलो हवेत साडेएकोणीस ग्रॅम पाणी. ओला पारा २६-२७. तोच कूलर आता २८ अंशांची हवा देईल, पण ती ओलीचिंब. अंगावरचा घाम तिच्यात वाळत नाही. म्हणून यंत्राचा निर्णय आर्द्रतेच्या टक्क्यांवर करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टक्के फसवतात, तापमान बदललं की तेवढ्याच पाण्याचे टक्के बदलतात. निर्णय ग्रॅमवर करा. कोरडा पारा आणि ओला पारा हातात असले की ग्रॅम काढता येतात, यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला ते गणित जड नाही. रावेर-यावलच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये १६ ते १८ अंश आणि ९० टक्क्यांवर ओलावा राखण्यासाठी आपले लोक डोळ्यांत तेल घालून बसतात. केळीच्या घडाला जे लक्ष मिळतं ते अभ्यासाला बसलेल्या मुलाला का मिळू नये?

आमच्या कंट्रोलरचा प्रोग्राम पासवर्डमध्ये बंद होता. पुरवठादाराने तो उघडून द्यायला अकरा महिने लावले. त्या अकरा महिन्यांत एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक भरती परीक्षा निघून गेली. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही. मला भांडण नको, पुढच्या अभ्यासिकांना हे भोगायला लागू नये एवढंच हवं आहे.

पासवर्ड मिळाल्यावर माझा भाचा आणि तंत्रनिकेतनात शिकणारी दोन मुलं यांना घेऊन आम्ही क्रम नव्याने लिहिला. सगळ्यात आधी सेन्सर. बाहेरचा सेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर, गरम पाण्याच्या पाइपाखाली ठोकलेला होता. मी माझे दोन पाऱ्याचे थर्मामीटर उत्तरेच्या सावलीत टांगले, एकाच्या टोकाला मलमलची ओली पट्टी बांधली आणि आठ दिवस दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. सेन्सर दुपारी सहा अंश जास्त दाखवत होता. ज्या यंत्राचे डोळेच खोटं बोलतात त्याला कितीही हुशार प्रोग्राम दिला तरी उपयोग नाही. सेन्सर उत्तरेला हलवला, वर पत्र्याची छत्री केली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओल्या मलमलशी त्याची गाठ घालून बघतो.

मग क्रम. खोली तापू लागली की आता पहिल्यांदा फक्त ॲल्युमिनियमचं चाक आणि बाहेर जाणाऱ्या हवेवरचा पॅड चालू होतो. या पॅडचं पाणी बाहेर जाणाऱ्या हवेत जातं, खोलीत त्याचा एक थेंब ओलावा येत नाही आणि थंडावा मात्र येतो. मूळ प्रोग्राममध्ये या पॅडची वेळ इतर सगळ्यांबरोबरच यायची, त्याचं महत्त्व कोणाला कळलेलंच नव्हतं. त्याने भागलं नाही तर दुसरी पायरी, आत येणाऱ्या हवेवरचा पॅड. मेच्या कोरड्या दुपारी या दोन पायऱ्यांवर आत येणारी हवा २० अंशांपर्यंत उतरते. सिलिका जेलच्या चाकाची गरजच पडत नाही. पूर्वी तेही दिवसभर फिरायचं. हवा फाजील कोरडी व्हायची, मग पॅड तेवढं जास्त पाणी प्यायचा. बोअर दर वर्षी खोल जाणाऱ्या आमच्या भागात हे पाणी वाया घालवणं मला सहन होत नव्हतं. चाक नुसतं थांबवूनही पुरत नाही, कारण त्याच्या बारीक भोकांतून हवा ढकलायला पंख्याला जोर लागतो. आम्ही गावातल्या फॅब्रिकेटरकडून हवेच्या डक्टला बगल, म्हणजे चाकाला वळसा घालणारी वाट, काढली आणि तिथे एक डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, बसवला. बाहेरच्या हवेत १२ ग्रॅमपेक्षा कमी पाणी असेल तर हवा बगलेने जाते. १२ हा आकडा आमच्या खोलीचा आहे, वहीतून निघालेला. दुसऱ्या इमारतीत तो वेगळा निघेल.

१२ च्या वर गेलं की तिसरी पायरी, सिलिका जेलचं चाक आणि टाकीतलं गरम पाणी. इथे सर्वांत जास्त शिकायला मिळालं. मूळ प्रोग्राम टाकी ८० अंशांवर जाईपर्यंत गरम पाणी सोडतच नव्हता. ढगाळ दिवसांत टाकी ८० वर जायचीच नाही. चाक थंड फिरत राहायचं, काहीच शोषायचं नाही, आणि पुढचा पॅड मात्र ओल्या हवेत आणखी पाणी ओतायचा. मुलं खिडक्या उघडून बसायची. वास्तविक सिलिका जेल ५५-६० अंशांवरही वाळतं. कमी वाळतं, पण वाळतं. आता आम्ही ५५ पासून सुरुवात करतो. टाकी गरम असली की चाक किलोमागे पाच-सहा ग्रॅम ओलावा काढतं, कोमट असली की तीन. तीन ग्रॅमनेसुद्धा फरक पडतो, हे मुलांच्या तोंडून ऐकलंय.

आणि टाकीतली ऊब बेताची आहे. पूर्ण जोरात वापरली तर तास-दीड तासात संपते. ऊन असेपर्यंत नळ्या भर घालत राहतात, तरी खर्च जपूनच करावा लागतो. विहिरीत पाणी कमी असलं की आपण केळीला पाळी कशी देतो? झाडाला गरज असेल त्या वेळी, मोजून. तसंच. सकाळी दहापर्यंत खोली अर्धी रिकामी असते, बाहेरची हवाही सोसवते, तेव्हा टाकीला हात लावायचा नाही. दुपारी एक ते पाच खोली गच्च भरते, तेव्हा ती खर्च करायची. भाचा म्हणतो, मामा, हवामान खात्याचा उद्याचा अंदाज थेट कंट्रोलरला देता येईल, मग तोच ठरवेल आज किती ऊब राखायची. जगभर संशोधक या दिशेने काम करत आहेत आणि ते व्हायला हवंच. पण आधी पायऱ्यांचा क्रम आणि सेन्सर सरळ करा, मग अंदाज जोडा.

पूरक हीटरबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो. टाकीत नऊ किलोवॉटचा विजेचा हीटर बसवलेला होता आणि टाकी थंड झाली की तो आपोआप सुरू व्हायचा. संध्याकाळी सूर्य गेला की रोज तीन तास, म्हणजे २७ युनिटं. या पद्धतीत एक युनिट उष्णता दिली की जेमतेम अर्धा ते पाऊण युनिट थंडावा मिळतो. तीच वीज साध्या एसीला दिली तर तीन युनिटांच्या आसपास थंडावा मिळतो. म्हणजे उन्हावरचं यंत्र म्हणून आणलेलं, आणि चाललं विजेच्या शेगडीवर, तेही एसीपेक्षा महाग! समितीने बिल पाहिलं आणि 'सोलरच वाईट' असा निष्कर्ष काढून यंत्र बंद करायचा ठराव मांडला. तो ठराव रोखायला मला दोन बैठका लागल्या. हीटरची केबल आम्ही काढून टाकली. ऊन नाही, टाकी थंड, तर यंत्राने आत येणाऱ्या हवेवरचा पॅड बंद ठेवायचा, नुसता बाहेर जाणाऱ्या हवेवरचा पॅड, ॲल्युमिनियमचं चाक आणि छताचे पंखे चालवायचे. त्या संध्याकाळी खोली थोडी दमट राहते, हे मी मान्य करतो. दाट ढगांच्या दिवशीही हेच होतं. पण त्या दिवशी पाराही उतरलेला असतो. खरा त्रास उघडीप पडते तेव्हाचा, ऑक्टोबरच्या उन्हाचा. आणि त्या दिवशी नळ्यांवर ऊन भरपूर असतं. हे यंत्र आपल्या भागासाठी बनलंय असं मला वाटतं ते याच कारणाने.

पंख्याचं काम सोपं होतं. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण वीज त्याच्या घनाच्या हिशेबाने कमी लागते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी. आता खोलीत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आहे, मुलं कमी असली की पंखा आपोआप हळू होतो. झोके थांबले ते यामुळेच. चालू-बंद करण्याऐवजी आता यंत्र वेग कमी-जास्त करतं आणि एका पायरीवर किमान वीस मिनिटं राहिल्याशिवाय दुसरी पायरी घेत नाही.

दोन बारक्या गोष्टी. एप्रिलमध्ये पहाटे चार ते सहा दोन्ही पंखे नुसते चालवतो. बाहेरची हवा तेव्हा तेवीस-चोवीसला असते, दिवसभर तापलेल्या भिंती निवतात आणि यंत्राला सकाळी अकरापर्यंत काम राहत नाही. आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घरात रात्री झरोके उघडे टाकायचे आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावायचे, ते हेच. दुसरं, बंद करण्याआधी अर्धा तास पाणी थांबवून पंखा चालू ठेवायचा, म्हणजे पॅड वाळतो, कुबट वास येत नाही. खालची पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची. डेंग्यूचा डास कूलरच्या पाण्यात होतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

गेल्या ऑक्टोबरमध्ये दुपारी तीन वाजता, बाहेर ३५ अंश असताना, खोलीत २७ होतं आणि एकही मूल खिडकीशी नव्हतं. पोलीस भरतीच्या तयारीतली एक मुलगी म्हणाली, "आप्पा, आज दुपारी झोप नाही आली." त्या दिवशी वहीत आकड्यांच्या खाली तेही लिहून ठेवलं.

आता ज्यांच्या हातात निविदा आहेत त्यांना माझं सांगणं. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा कृती आराखडा जाहीर केला. रासायनिक वायूंशिवायच्या थंडाव्याला त्यात जागा आहे. साक्रीच्या माळावर सौर वीज तयार होताना आपण बघतो आहोतच. यंत्रं येणार. पण निविदेत नुसते 'इतक्या नळ्या, इतक्या टनाचं यंत्र' असं लिहू नका. कोणत्या हवेत कोणती पायरी चालू होईल तो क्रम मराठीत कागदावर मागा, आणि तो कागद यंत्राच्या खोलीत भिंतीवर लावा. पासवर्ड इमारतीच्या मालकाच्या हातात द्यायची अट घाला. कोरड्या हवेसाठी बगलेचा डॅम्पर मागा. तो आधी केला तर स्वस्तात होतो, आमच्यासारखा मागाहून केला तर दुप्पट खर्च. विजेचा हीटर नकोच. आणि शेवटचं बिल एकदा मे महिन्यात व एकदा जुलैच्या उघडिपीत यंत्र चालवून दाखवल्याशिवाय देऊ नका. आमच्याकडे उद्घाटन जानेवारीत झालं. जानेवारीत काय, खिडकी उघडली तरी खोली थंड!

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी आपली मुलं अशा यंत्रांवर पाठवावीत. ज्या दोन मुलांनी आमच्याकडे प्रोग्राम लिहिला त्यांना आता ओला पारा म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय सांगता येतं. ज्या गावात असं यंत्र बसणार आहे तिथल्या समितीने आमच्याकडे यावं, मी आणि मुलं सगळं उघडून दाखवू. वहीच्या तिन्ही वर्षांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, सोबत पायऱ्यांचा कागदही आहे. मी रोज संध्याकाळी पाचला अभ्यासिकेत असतो. पाचची नोंद घ्यायची असते.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक
ता. यावल, जि. जळगाव